चहा कुणाच्या हातचा?

१

गेल्या काही वर्षांत रविवारच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. कोपऱ्यावरची टपरी, स्टेशनबाहेरचे जुने हॉटेल, बंद पडलेला इराणी यांच्या आठवणींचा हा प्रकार. त्याचा साचा ठरून गेलेला आहे. प्रथम पाऊस येतो, मग आले घातलेल्या चहाचा वास येतो, मग लेखक ज्याला एकेरी नावाने हाक मारतो तो मालक येतो. बाकड्यावर कविता वाचल्या जातात, क्रांतीच्या गप्पा होतात. पुढे त्याच चौकात मोठ्या साखळीची काचेची, वातानुकूलित कॉफी येते. चहाच्या वीस कपांच्या किमतीत तिचा एक पेला मिळतो. टपरी बंद पडते आणि लेखक उसासा टाकतो. या साच्यात एक वाक्य हटकून असते : टपरीवर जातपात नसते; साहेब आणि हमाल तेथे एकाच बाकड्यावर बसतात.

प्रस्तुत लेख या एका वाक्याविषयी आहे.

माझ्या वडिलांची खोपोलीत एका कारखान्याच्या दारावर चहाची गाडी होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि त्या पदवीची फी या गाडीने भरली. गाडीवर ठळक अक्षरांत 'साईकृपा' असे लिहिलेले होते. वर साईबाबांचा फोटो, त्याला रोज ताजा हार. घरी मात्र भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. लहानपणी मला वाटे की, घरी एक देव आणि धंद्याला दुसरा, अशीच जगाची रीत असावी. कुणी आडनाव विचारले तर वडील गावाचे नाव सांगत. पुष्कळांचे तेवढ्यावर समाधान होई.

एकदा कुणीतरी बोलले. कोण बोलले ते कधीच कळले नाही. सकाळच्या पाळीची माणसे पन्नास पावले पुढच्या गाडीवर जाऊ लागली. कुणी शिवी दिली नाही, कुणी कप फोडला नाही, अॅट्रॉसिटीच्या कलमात बसेल असे काहीच घडले नाही. फक्त दूध उरू लागले. एरवी आमच्या घरात दूध हा विकायचा माल होता, प्यायचा नव्हे. त्या पंधरावड्यात आम्हा भावंडांना रोज पेलाभर दूध मिळाले आणि आम्ही खूश होतो. आई दूध ओतताना बोलत नसे. पुढे पाळी बदलली, नवी माणसे आली आणि गाडी पुन्हा चालू लागली. वडिलांनी साईबाबांचा फोटो आणखी मोठा आणला.

टपरीवर जात नसते हे म्हणूनच एका अर्थाने खरे आहे. टपरीवाल्याने ती घरी ठेवलेली असते.

आता आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून एक वाद चालू आहे. वडिलांची गाडी रस्तारुंदीकरणात गेली. तो चौक आता एका फ्रँचायझीच्या चहाच्या दुकानाने व्यापला आहे. धाकट्या भावाला जुन्या रस्त्याला लागून एक गाळा भाड्याने मिळतो आहे आणि त्याला तेथे चहाचे दुकान काढायचे आहे. दुकानाच्या पाटीवर काय लिहायचे, यावर बाप-लेकांचे जमत नाही. तुम्ही प्राध्यापक, तुम्हीच सांगा, असे दोघेही मला म्हणतात. मी विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की, या प्रश्नाला आपल्या साहित्याने आणि चळवळीने दिलेले उत्तर अपुरे आहे.

२

चहा या देशात तसा अलीकडचा. त्याच्यासाठी कोणत्याही स्मृतीत विधी नाही, निषेध नाही. तरीही तो आला आणि जातीने त्याला ताबडतोब आपल्या कक्षेत घेतले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारखी माणसे चहाला गेली. तेथे चहा प्यायलेल्यांची नावे छापली गेली, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. हा प्रसंग आपल्याकडे गमतीचा म्हणून सांगतात. त्यात गंमत फारशी नाही. चहा काय आहे याला महत्त्व नव्हते. तो कुणाच्या घरचा, कुणाच्या हातचा आणि कुणाच्या पाण्याचा, एवढेच विचारले गेले.

याच प्रश्नाची दुसरी बाजू बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. १९०१ साल. दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने कोरेगावकडे निघाला. जवळ डबा होता, पाणी नव्हते. रात्री एका टोलनाक्यावर ही मुले थांबली. गाडीवानाच्या सांगण्यावरून त्यांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही नाकेवाल्याने पाणी दिले नाही, आणि भरलेला डबा असून मुले उपाशी झोपली. आज खालापूरच्या टोलनाक्यापाशी फूड मॉलच्या झगमगाटात उभा राहिलो की, मला हमखास तो नाका आठवतो. दोन नाक्यांमध्ये एक शतक उभे आहे. या शतकात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे मोजल्याशिवाय टपरी विरुद्ध साखळी या वादात आपली बाजू ठरवता येणार नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडचे चवदार तळे झाले. महाड आपल्याच जिल्ह्यातले. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, १९८१ मध्ये रायगड झाला. सत्याग्रह आपण पाण्याचा म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या आधीची एक लहानशी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सत्याग्रहाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणींत ती येते. बाजारासाठी महाडला येणाऱ्या अस्पृश्यांना कोणत्याही हॉटेलात प्रवेश नव्हता. म्हणून तेथे आपल्या माणसाचे चहाचे दुकान निघाले, आणि तेच आपल्या लोकांच्या बसण्या-उठण्याची, बातमी देण्या-घेण्याची जागा झाले. तळ्यावर जाणारी वाट अशा एका चहाच्या दुकानावरून गेलेली आहे. आपण तळ्याचा उत्सव करतो आणि दुकान विसरतो.

दुकानांच्या पाट्या हा एक अभ्यासाचा विषय आहे. 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणाचे विश्रांतिगृह', 'मुस्लिम खानावळ' अशा पाट्या महाराष्ट्रातल्या स्टेशनांवर आणि एस. टी. स्टँडांवर पिढ्यान्‌पिढ्या होत्या. पुण्यातली 'अमृततुल्य' दुकाने राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी काढली. त्यांच्या चहाच्या चवीचे पुष्कळ कौतुक झाले आहे. त्यांच्या हातचे सर्वांना चालत होते, या साध्या सोयीविषयी मात्र फार कमी लिहिले गेले. पितळेचे भांडे आणि जानव्याचा हात मिळून तो चहा अमृताच्या बरोबरीचा झाला. ही सारी नावे मालकाची जात उघड सांगत होती, कारण सांगण्यात फायदा होता. ज्यांना सांगण्यात तोटा होता, त्यांनी 'साईकृपा' लिहिले.

घटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली. १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा आला. १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. या कायद्यांचे मोल मी कमी लेखत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाला संरक्षण दिले. आपल्या माणसाला चहा नाकारणे गुन्हा झाला. परंतु आपल्या माणसाच्या हातचा चहा नाकारणे हा गुन्हा नाही, आणि तो होऊही शकत नाही. कुणी कुठे चहा प्यावा हे कायदा सांगू शकत नाही. येथे कायद्याचे क्षेत्र संपते आणि समाजाचे सुरू होते. २०२४ च्या जुलै महिन्यात उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाण्याच्या दुकानांना मालकाचे नाव लावण्याची सक्ती झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. ती सक्ती मुसलमान दुकानदारांकडे रोखलेली होती, हे उघड आहे. पण पाटीवरचे नाव गिऱ्हाईक कसे तोडते, हे ज्यांनी कायदा नसतानाही भोगले, त्यांना त्या बातमीचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही.

३

आता आपल्या साहित्याकडे वळू. दलित आत्मकथनांत चहाचे दुकान पुनःपुन्हा येते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) गावातल्या चहाच्या दुकानी महारांसाठी वेगळी कपबशी आहे आणि शिकणारी पोरे त्याविरुद्ध उभी राहतात. दया पवारांच्या 'बलुतं'मधली (१९७८) मुंबईतली वस्ती कावाखाना नावाची. कावा म्हणजे कॉफी. कॉफी पिणाऱ्यांच्या जागेचे नाव हमालांच्या आणि चिंध्या गोळा करणाऱ्या बायकांच्या वस्तीला चिकटलेले. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत प्रश्न एका ताटाशी येऊन भिडतो. ज्याला मानाने घरी जेवायला बसवले, त्याची जात कळताच मार पडतो.

या लेखनाने मराठी वाङ्‌मयाला त्याच्या कपबशीचा दुसरा बाजूचा डाग दाखवला, हे त्याचे ऐतिहासिक कार्य. पुरवणीतल्या आठवणकारांनी 'अक्करमाशी' वाचले असते, तर 'टपरीवर जात नसते' हे वाक्य त्यांच्या लेखणीतून इतक्या सहज उतरले नसते. हा नुसता माहितीचा अभाव नाही. बाकड्यावर बसलेल्याला बाकडे सपाटच दिसते. त्या नजरेत पाहणाऱ्याचे स्थान दडलेले असते.

पण समीक्षा परक्यांचीच करायची असे नाही. आपल्या साहित्यातही एक जागा रिकामी राहिली आहे, आणि ती सांगितली पाहिजे. आपण चहाच्या दुकानाकडे प्रामुख्याने गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले. ज्याला कप नाकारला, ज्याला बशी बाहेर ठेवली, ज्याने स्वतःचा पेला स्वतः विसळला, तो आपला नायक. तो खराच नायक आहे. परंतु स्टोव्हच्या मागे उभा असलेला आपला माणूस आपल्या कथा-कवितेत फारसा आला नाही. पहाटे साडेतीनला उठून दूध आणणारा, पाण्यासाठी कारखान्याच्या वॉचमनला फुकट चहा पाजणारा, उधारीची वही ठेवणारा आणि उधारी मागायला भिणारा, कारण मागितली तर समोरचा आडनाव उकरून काढील : हा माणूस कुठे आहे?

त्याचे कारण शोधता येते. नाकारलेल्या गिऱ्हाइकाचे दुःख सरळ आहे, त्यातून विद्रोह सरळ उभा राहतो. दुकानदाराचे दुःख तसे सरळ नाही. त्याने जात लपवलेली असते, म्हणजे तो आपल्याच नजरेत थोडा उणा असतो. तो नफा कमावतो, म्हणून तो शोषितांच्या रांगेत नीट बसत नाही. त्याने साईबाबाला हार घातलेला असतो, म्हणून धम्माच्या व्यासपीठावर त्याला मान खाली घालावी लागते. आपल्या वस्तीत माझ्या वडिलांना 'साईबाबावाले' म्हणून चिडवीत. त्यांना चिडवणाऱ्यांची फी कोण भरत होते, हे मी येथे विचारत नाही. पण जो माणूस बाहेर जातीने मारला जातो आणि आत शुद्धतेने, त्याच्यासाठी आपल्या साहित्यात शब्द नसावेत, ही गोष्ट मला बोचते.

४

कर्जत-खालापूर हा प्रदेश चहावाल्यांनी उभा केलेला आहे असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. कर्जतला गाडी थांबते ती मुळात घाटासाठी. बोरघाटाचा चढ सदतिसास एक असा आहे. तो चढण्यासाठी गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. इंजिने लागेपर्यंत गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणून फलाटावर वडा आणि चहा. दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर गेला त्यामागे चव आहे, तसाच हा थांबाही आहे. खोपोलीचे तसेच. जुना मुंबई-पुणे रस्ता चौक, खोपोली करीत घाट चढे. घाटापूर्वी इंजिनात पाणी घालायला ट्रक थांबत आणि रस्त्याच्या कडेने चहाच्या गाड्या, टपऱ्या, हॉटेले उभी राहिली.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. चहाच्या धंद्यात खरे भांडवल पातेले किंवा स्टोव्ह नव्हे. खरे भांडवल जागा. गावठाणातली मोक्याची जागा ज्यांच्या नावावर होती त्यांच्याच नावावर राहिली. बौद्धवाडी गावाबाहेर, ठाकूर-कातकऱ्यांची वाडी डोंगराच्या पायथ्याला. तेथे दुकान काढून गिऱ्हाईक कोण येणार? भूमिहीनाला एकच जमीन मोकळी होती, ती म्हणजे रस्त्याची कड. तिला सातबारा नव्हता, म्हणून ती आपली होती. आणि सातबारा नव्हता, म्हणूनच ती कधीही काढून घेता येत होती.

२००२ साली साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. या रस्त्याचे वेगळेपण वेगात आहे, असे सांगितले जाते. माझ्या मते ते कडेत आहे. या रस्त्याला कड नाही. पायी माणूस, सायकल, मोटारसायकल, रिक्षा यांना तेथे बंदी. कुंपणाच्या आत मालकी ठरलेली, थांबे ठरलेले, आणि त्या थांब्यांवर कोणी काय विकायचे हे करारांनी ठरलेले. वाहतूक तिकडे वळली आणि जुन्या रस्त्यावरचे कितीतरी स्टोव्ह थंड झाले. म्हणून साखळ्यांनी टपऱ्यांशी 'स्पर्धा' केली, असे म्हणणे आमच्या भागापुरते तरी चूक आहे. स्पर्धेला दोघांना एका रस्त्यावर उभे राहू द्यावे लागते. येथे रस्ताच असा बांधला की, ज्याच्याकडे ठेका भरण्याचे भांडवल नाही तो शर्यतीच्या आधीच बाद. चवीचा प्रश्न पुढचा.

माझ्या वर्गात मी गेल्या वर्षी 'आमच्या गावचे चहाचे दुकान' असा निबंध दिला. बहुतेकांनी पाऊस आणि आले लिहिले. साचा वर्गापर्यंत पोहोचलेला आहे. एका कातकरी मुलीने अर्धे पान लिहिले. ती लिहिते की, गावच्या दुकानात मी कधी बसले नाही. बसू नको असे कुणी म्हटले नाही, बस असेही कुणी म्हटले नाही. आमची माणसे बाहेर उभ्यानेच पितात. ही मुलगी सुट्टीत द्रुतगती मार्गावर एका मोठ्या साखळीच्या काउंटरवर काम करते. तेथे टोपी आहे, गणवेश आहे, छातीवर नुसते नाव आहे, आडनाव नाही. मुंबई-पुण्याची माणसे तिच्या हातची कॉफी निमूट घेतात आणि 'थँक यू' म्हणतात. तिच्या वीटभट्टीवरच्या आजीच्या हातचे पाणी गावात कुणी घेत नव्हते. मी तिला विचारले, "मग तिथं बरं वाटतं का?" ती म्हणाली, "सर, बरं वाटतं. पण तिथंबी बसायचं नसतं. सुट्टीला मागं क्रेटवर बसतो."

हे अर्धे पान मला पुरवणीतल्या सगळ्या लेखांपेक्षा मोठे वाटते. टपरीविषयीचा उसासा आणि साखळीविषयीचे कौतुक, दोन्ही त्यात उघडे पडतात.

५

आपल्यातल्या काही सुशिक्षितांचे म्हणणे असे की, भांडवल जात विचारत नाही, पैसे विचारते. म्हणून गावच्या हॉटेलापेक्षा साखळी बरी. या म्हणण्यात तथ्य आहे. कागदी पेल्याला वेगळी बशी नसते. तो वापरून फेकला की कुणी कुणाचे उष्टे विसळत नाही. गावातून शहरात जा, असे बाबासाहेब का सांगत होते, हे ज्याला कळले त्याला अनोळखीपणाचे मोल सांगायला नको. इराण्याच्या हॉटेलात आपली पिढीच्या पिढी चहा प्याली ती याच अनोळखीपणामुळे. परंतु साखळी स्वभावतःच समतावादी असते, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. १९६० च्या १ फेब्रुवारीला अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी एका काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती नाकारली गेली. ते दुकान वूलवर्थ या देशभर पसरलेल्या साखळीचे होते. दक्षिणेत गेल्यावर त्या साखळीने दक्षिणेची रीत पाळली, कारण तेथे नफा त्या रीतीत होता. विद्यार्थी उठले नाहीत, रोज आणखी येऊन बसू लागले, महिनोन्‌महिने तोटा झाला तेव्हा जुलैत काउंटर खुले झाले. २०१८ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या दुकानात काही न घेता मित्राची वाट पाहत बसलेल्या दोन काळ्या तरुणांना पोलिसांनी बेड्या घातल्या. पुढच्या महिन्यात कंपनीने अमेरिकेतली आठ हजारांवर दुकाने एक दुपार बंद ठेवून नोकरांना शिकवणी दिली. भांडवल समतेने वागते ते विषमता महाग पडू लागल्यावर. आपोआप नव्हे.

आणि समजा, पेल्यापुरते ते समतेने वागले, तरी मालकीचे काय? त्या मुलीच्या हातची कॉफी जग पिते, यात एक जुने बंधन तुटले. पण गल्ला तिचा नाही, जागा तिची नाही, उद्याची पाळीही तिची नाही. फ्रँचायझी घ्या, मालक व्हा, असे सांगणारेही आहेत. दलित उद्योजकांची संघटना 'डिक्की' २००५ पासून हे सांगते आहे. 'स्टँड अप इंडिया' ही दहा लाखांपासून एक कोटीपर्यंतच्या कर्जाची योजना २०१६ साली आली. आपल्या मुलाने मालक व्हावे याला विरोध करणारा मी कोण? परंतु फ्रँचायझीत माणूस भांडवल आपले घालतो आणि नाव दुसऱ्याचे लावतो. माझ्या वडिलांनी साईबाबांचे नाव लावले तेव्हा निदान त्यापोटी कुणाला पैसे भरावे लागले नाहीत.

तेव्हा टपरी की साखळी, हा प्रश्नच आपल्यासाठी चुकीच्या जागी मांडला गेला आहे. एकीकडे मालकी शक्य आहे पण नाव लपवावे लागते. दुसरीकडे नाव कुणी विचारत नाही पण मालकी नाही. आपली मागणी दोन्हींची एकत्र असली पाहिजे : मालकी आपली आणि नावही आपले.

याला व्यवहाराची बाजू आहे, आणि चळवळीने ती हातात घेतली पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समित्यांत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडून यायचे आहेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व. पुनर्वसन वा स्थलांतर केल्यावाचून गाडी उचलण्यास तो कायदा आळा घालतो. पण हा कायदा नागरी भागाचा आहे, आणि रेल्वेची हद्द त्याने स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे कर्जतच्या फलाटावर तो चालत नाही आणि गावच्या हद्दीतल्या रस्त्याच्या कडेवरही नाही. रेल्वेच्या खानपान धोरणात लहान स्टॉलांसाठी राखीव वाटा आहे. तो ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात आहे की नाव एकाचे आणि गल्ला दुसऱ्याचा, हे तपासायला आपले कार्यकर्ते किती वेळा फलाटावर गेले? द्रुतगती मार्गासारख्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या फूड मॉलमध्ये त्या-त्या गावच्या भूमिहीनांना, कातकऱ्यांना, बौद्धांना गाळे का नकोत? नामांतरासाठी आपण सोळा वर्षे लढलो. एका स्टोव्हपुरत्या जागेसाठी एखादा मोर्चा काढणे आपल्याला कमीपणाचे वाटू नये.

आणि लेखकांची बाजू अशी की, स्टोव्हच्या मागून दिसणारे जग त्यांनी लिहावे. नाकारलेल्या कपाची कथा आपण लिहिली. कप भरणाऱ्याची, त्याच्या खोट्या पाटीची आणि त्या पाटीखाली वाढलेल्या पोरांची कथा लिहिल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

राहता राहिली भावाची पाटी. वडिलांचे म्हणणे, पहिली दोन वर्षे 'साईकृपा'च लाव, गिऱ्हाईक बसले की मग काय ते लिही. भावाचे म्हणणे, जे दोन वर्षे लपवले ते तिसऱ्या वर्षी उघड करायची हिंमत होत नाही. तुमची झाली का? वडील यावर गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा मी आदर करतो. आमच्या शिक्षणासाठी त्यांनी आपले नाव गहाण टाकले होते, आणि त्या वेळी घरात दुसऱ्या कुणाचा पगार येत नव्हता. आज माझा येतो. भावाच्या बाजूने बोलण्याचे धैर्य मला आहे, यात माझे शौर्य कमी आणि पगार जास्त आहे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

पण ज्याच्या हाती पगार आला त्याने तो कशासाठी वापरायचा, हाही प्रश्न आहेच. मी भावाला सांगितले आहे की, पाटीवर आपले आडनाव लिही, मोठ्या अक्षरांत लिही, आणि आत बाबासाहेबांचा फोटो गिऱ्हाइकाला दिसेल असा लाव. बाकडी आत ठेव, आणि जो उभा राहील त्याला बस म्हण. सुरुवातीचे काही महिने दूध उरेल. त्याचे पैसे मी देईन. घरात आता भावाची दोन लहान मुले आहेत, ती पितील. फक्त ते दूध का उरले, हे त्यांना तेव्हाच सांगायचे.